कॉक अर्धा बंद केला म्हणून दाब अर्धा होत नाही: दोन केगना दोन वेगळे दाब कसे द्यायचे

माझ्याकडे घरच्या बिअरचा एकच केग (बिअर दाबाखाली साठवायचं बंद पिंप) होता तोवर रेग्युलेटर, म्हणजे गॅसचा दाब ठरवणारं यंत्र, हा विचार करण्याचा विषयच नव्हता. स्क्रू फिरवला, दाबाचा काटा १२ पीएसआयवर (पाउंड दर चौरस इंच, दाबाचं माप) आणला आणि विसरून गेलो. मग दुसरा केग आला. त्याच्यासाठी मॅनिफोल्ड घेतला: एका तोंडातून गॅस आत, दोन तोंडांतून बाहेर, प्रत्येक तोंडाला छोटासा कॉक. पहिल्या केगमध्ये इंग्लिश धाटणीची बिटर होती, तिला गॅस बेताचा लागतो. दुसऱ्यात गव्हाची बिअर, तिला मनसोक्त लागतो. मी हिशेब मांडला तो असा: काटा २२ वर, गव्हाच्या केगचा कॉक पूर्ण उघडा, बिटरचा जेमतेम चतकोर. म्हणजे बिटरला चतकोर दाब मिळणार.

दोन आठवड्यांनी बिटरचा पेला भरायला घेतला तर तळाशी दोन बोटं बिअर आणि वर नुसता फेस. वाटलं नळ बिघडला. नळ साफ केला, पुन्हा भरला, पुन्हा तेच. नळाचा काही दोष नव्हता. चतकोर उघड्या कॉकमधून बिटरच्या केगमध्ये पूर्ण २२ चा दाब शिरला होता, फक्त जरा सावकाश.

ही चूक इतके लोक करतात की तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी. तळाशी नळीनं जोडलेल्या पाण्याच्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. मधला कॉक पूर्ण उघडा ठेवा किंवा थेंब थेंब गळेल इतकाच उघडा. रात्रभर थांबलात तर सकाळी दोन्ही टाक्यांतलं पाणी एकाच पातळीवर दिसेल. कॉकनं फक्त किती वेळ लागेल हे ठरवलं. गॅसचंही तसंच. वाट अरुंद असली तर गॅस हळू जातो, पण दोन्ही बाजूंचा दाब सारखा होईपर्यंत जातच राहतो. केग ही बंद भांडी, आणि आपण त्यांना आठवडेच्या आठवडे जोडून ठेवतो. त्यामुळे अर्धा उघडा कॉक आणि पूर्ण उघडा कॉक यांत शेवटी फरक उरत नाही. मॅनिफोल्डवरच्या कॉकला दोनच अर्थ आहेत: चालू आणि बंद.

दाब बिअरला नेमकं काय करतो

दोन केगना दोन दाब हवेत कशाला, हे कळायचं तर दाबाचं खरं काम कळायला हवं. बहुतेकांची समजूत अशी असते की गॅस बिअरला नळापर्यंत ढकलतो, आणि काटा म्हणजे ढकलण्याचा जोर. ढकलतो हे खरं. पण ते त्याचं जोडकाम. मुख्य काम बिअरमध्ये विरघळण्याचं.

भरलेल्या केगमध्ये बिअरच्या वर थोडी मोकळी जागा असते. तिथं कार्बन डायऑक्साइड दाबाखाली बसलेला असतो. त्यातला काही सतत बिअरमध्ये उतरतो, आणि बिअरमधला काही सतत वर येतो. दोन्ही वेग सारखे झाले की बिअरमधलं गॅसचं प्रमाण स्थिर होतं. ते प्रमाण वरच्या दाबाच्या हिशेबात ठरतं, हा नियम विल्यम हेन्री या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञानं १८०३ साली मांडला. दाब वाढवा, जास्त गॅस विरघळेल. दाब कमी करा, जास्तीचा गॅस बाहेर पडेल. आणि बिअर जितकी थंड, तितका तोच दाब जास्त गॅस आत मुरवतो.

म्हणजे रेग्युलेटरवरचा आकडा आज काय ढकललं जातंय हे सांगतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दहा-पंधरा दिवसांनी बिअर किती फसफसलेली असेल हे सांगतो. तुम्ही पेल्यात वाढण्यासाठी म्हणून लावलेला दाब बिअरच्या चवीत उतरतो, तुमची इच्छा असो वा नसो.

गॅस किती हे मोजायला 'व्हॉल्यूम' हे माप वापरतात. एक लिटर बिअरमध्ये विरघळलेला सगळा गॅस बाहेर काढला आणि शून्य अंश सेल्सिअसला, नेहमीच्या हवेच्या दाबाला मोजला, आणि तो अडीच लिटर भरला, तर ती बिअर अडीच व्हॉल्यूमची. वजनात सांगायचं तर एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे जवळजवळ २ ग्रॅम. बिटरसारख्या इंग्लिश एलला दीड ते दोन व्हॉल्यूम पुरतात. त्याहून जास्त झाले की माल्टची चव मागे पडते आणि जिभेला नुसत्या टोचण्या जाणवतात. पेल एल आणि लागर साधारण अडीचच्या आसपास. जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरला साडेतीन किंवा त्याहूनही थोडे जास्त चालतात, त्याशिवाय तो उंच, घट्ट फेस उभा राहत नाही.

आता हेच काट्याच्या भाषेत. केग ४ अंशांवर असेल तर दोन व्हॉल्यूमसाठी ६ ते ७ पीएसआय लागतात, अडीचसाठी १२ च्या जवळपास, तीनसाठी १७, आणि साडेतीनसाठी २२. (तुमचं गेज बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.) तीच अडीच व्हॉल्यूमची बिअर १० अंशांवर ठेवली तर १७-१८ पीएसआय लागतात, आणि २० अंशांवर थेट २७-२८. तापमान न सांगता कोणी 'मी १२ वर ठेवतो' म्हणालं, तर त्या वाक्याला अर्थ नाही. हे आकडे समुद्रसपाटीच्या जवळचे. उंचावर राहणाऱ्यांनी दर ६०० मीटरमागे साधारण १ पीएसआय वाढवावा, कारण काट्याचा शून्य म्हणजे भोवतालच्या हवेचा दाब, आणि उंचावर ती हवाच विरळ असते.

माझी बिटर का बिघडली ते आता उघड आहे. जिला ६ हवे होते, तिला २२ मिळाले.

मग ढकलण्याचं काय?

इथं एक जुना सल्ला हटकून ऐकू येतो: गॅस मुरवताना दाब जास्त ठेवा, बिअर पेल्यात वाढताना कमी करा. एखाद्या संध्याकाळपुरतं हे चालून जातं. पण केग महिनाभर लावून ठेवायचा असेल तर हा सल्ला आगीतून फुफाट्यात नेतो. २२ वर मुरलेल्या बिअरवर तुम्ही ८ चा दाब ठेवलात, तर बिअरमधला जास्तीचा गॅस आता बाहेर यायला मोकळा झाला. तो केगमध्ये वर येतोच, शिवाय नळीतही बुडबुडे धरतो. नळीत बुडबुड्यांचे खंड दिसू लागतात, पहिला अर्धा पेला फेसाचा येतो, आणि दोन आठवड्यांत बिअर मिळमिळीत होते. फेस आला म्हणून माणूस दाब आणखी कमी करतो, आणि फेस आणखी वाढतो.

केगमधला दाब बिअरच्या गरजेनुसार ठेवायचा. नळाशी बिअर शांतपणे यावी ही जबाबदारी नळीवर टाकायची. लांब, बारीक नळीतून जाताना घर्षणानं दाब खर्च होतो आणि नळाशी पोचेपर्यंत तो जवळजवळ संपलेला असतो. आतून ४.८ मिलिमीटर व्यासाची नळी घरगुती केगसाठी सर्रास वापरतात. १२ पीएसआयला अशी ३ मीटर नळी बहुतेकदा पुरते. २२ पीएसआयला त्याच नळीचे साडेपाच-सहा मीटर लागतात, कारण दुप्पट दाब खर्च करायला जवळपास दुप्पट लांबी हवी. ६ पीएसआयच्या बिटरला मात्र दीड मीटर खूप झाली. तीन मीटर लावली तर पेला भरेपर्यंत गप्पा मारून होतात. नळी थोडी जरी रुंद घेतली तरी घर्षण झपाट्यानं घटतं, म्हणून लांबीचे हे आकडे दुसऱ्या व्यासाला लावू नका. लांब नळीची वेटोळी अंगावर येत असतील तर प्रवाह कमी-जास्त करणारा नळ मिळतो. तो बऱ्याच अंशी तेच काम करतो.

माझ्या मते नळी जास्तच कापून घ्यावी. लांब नळी कापून आखूड करता येते.

गॅसची वाट, सिलिंडरपासून केगपर्यंत

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड बहुतांश द्रवरूपात असतो, आणि द्रवावर त्याची वाफ. २० अंशांवर या वाफेचा दाब ८३० पीएसआयच्या घरात असतो, ४ अंशांवर ५६० च्या आसपास. त्यामुळे सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या मोठ्या तबकडीचा काटा खाली येतो आणि माणूस गळती शोधत बसतो. गॅस कुठंही गेलेला नसतो, फक्त गार झालेला असतो. दुसरी गंमत अशी की आत थेंबभर जरी द्रव शिल्लक असला तरी हा काटा हलत नाही. सिलिंडर भरलेला असो की चतकोर उरलेला, आकडा तोच. द्रव संपला की मात्र तो भराभर घसरतो. किती गॅस उरला हे कळायला वजनकाटा हाच खरा उपाय.

सिलिंडरच्या तोंडाशी मुख्य रेग्युलेटर बसतो. त्याच्या पोटात एक पडदा असतो. एका बाजूनं स्प्रिंग त्याला दाबते, दुसऱ्या बाजूनं बाहेर जाणाऱ्या गॅसचा दाब. स्प्रिंग जिंकते तोवर आतली झडप उघडी राहते आणि गॅस जातो. पुढचा दाब स्प्रिंगच्या बरोबरीला आला की झडप मिटते. स्क्रू घट्ट केला की स्प्रिंग जास्त दाबली जाते, म्हणजे पुढचा दाब वाढतो. या एवढ्या यंत्रणेत एक गोष्ट नाही: पुढे गेलेला गॅस परत घेण्याची सोय. नेहमीचा रेग्युलेटर वाढवू शकतो, थांबवू शकतो, उतरवू शकत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

या एका रेग्युलेटरमधून मॅनिफोल्ड काढला तर सगळ्या केगना एकच दाब. वेगळे दाब हवे असतील तर प्रत्येक वेगळ्या दाबामागे स्प्रिंग आणि पडद्याची वेगळी जोडी लागते, यातून सुटका नाही. ती दोन तऱ्हांनी मिळते. एक, जोड-रेग्युलेटर: सिलिंडरवरच दोन किंवा तीन रेग्युलेटर शेजारी शेजारी जोडलेले, प्रत्येकाला थेट सिलिंडरचा गॅस. दोन, दुय्यम रेग्युलेटर: मुख्य रेग्युलेटर सिलिंडरवर, त्यातून निघणारी नळी एका पट्टीवर बसवलेल्या तीन-चार छोट्या रेग्युलेटरांना, आणि प्रत्येक छोट्यातून एकेका केगला. दोनच दाब पुरणार असतील तर जोड-रेग्युलेटर सुटसुटीत, भागही कमी. केग वाढत जाणार असतील (आणि ते वाढतातच) तर दुय्यम रेग्युलेटरांची पट्टी चांगली, कारण तिला पुढं आणखी एक जोडता येतो.

दुय्यम रेग्युलेटरचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. सिलिंडर संपत आला आणि आतला दाब घसरू लागला, की साध्या एकटप्पी रेग्युलेटरचा पुढचा दाब उलट थोडा वर सरकतो. झडपेला मागून मिटवून धरणारा जोर कमी झालेला असतो, म्हणून. मध्ये दुय्यम असला की हा चढ त्याच्यापाशीच जिरतो, केगपर्यंत पोचत नाही.

पण दुय्यम रेग्युलेटर कधीही थेट सिलिंडरला लावायचा नाही. तो कमी दाबाच्या गॅससाठी बनवलेला असतो. शेकडो पीएसआय त्याच्यावर सोडणं हे जिवावर बेतणारं काम आहे.

लावायचं कसं

समजा तीन केग आहेत, तिन्ही ४ अंशांवर: बिटर ६ वर, पेल एल १२ वर, गव्हाची २२ वर. मुख्य रेग्युलेटर सगळ्यात मोठ्या आकड्याच्या चांगला वर हवा, म्हणजे इथं ३० ते ३५. तो २० वर ठेवलात तर गव्हाच्या दुय्यमचा स्क्रू कितीही पिळा, २० च्या वर काही जाणार नाही. मागून जे येतं त्यापेक्षा जास्त देणं कुठल्याच रेग्युलेटरला जमत नाही.

सुरुवातीला सगळ्या दुय्यमांचे स्क्रू पूर्ण सैल, कॉक बंद. सिलिंडर हळू उघडायचा, मुख्य काटा ३० च्या वर आणायचा. मग पहिल्या केगचा कॉक उघडायचा आणि त्याचा स्क्रू हळूहळू घट्ट करत काटा खालून वर आणायचा. केगमध्ये गॅस शिरताना फुसफुस ऐकू येते. तोवर काट्यावर फार विश्वास ठेवू नका. वाहत्या गॅसचा आकडा आणि थांबलेल्या गॅसचा आकडा यांत फरक असतो. आवाज थांबला की मगच वाचायचं. दहा मिनिटांनी पुन्हा वाचायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण बिअर गॅस पिते आणि रेग्युलेटरही थंडीत थोडा सरकतो. मग पुढचा केग.

कमी दाबाच्या केगची एक अडचण आधीच सांगतो. कॉर्नी केगचं (घरगुती बिअरसाठी सर्रास वापरतात तो केग) लंबगोल झाकण आतून वर येऊन ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, बसतं, आणि ते बसतं दाबामुळेच. ६ पीएसआय त्याला नीट बसवायला अनेकदा पुरत नाहीत. म्हणून केग भरल्यावर एकदा ३० चा झटका द्यायचा, झाकण घट्ट बसू द्यायचं, मग झाकणावरच्या रिलीफ व्हॉल्व्हची (दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेची) कडी ओढून जास्तीचा दाब सोडायचा आणि ६ वर आणायचं. हे केलं नाही तर रात्रभर सूक्ष्म गळती चालू राहते आणि सकाळी सिलिंडर रिकामा असतो.

आता दाब कमी करायचा असेल तर? इथं नवशिक्यांचा वेळ आणि संयम दोन्ही जातात. स्क्रू सैल करता, काटा हलत नाही. आणखी सैल करता, तरी तसाच. रेग्युलेटर बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो. केगमधला आणि नळीतला आधीचाच दाब काटा दाखवत असतो, आणि तो परत घेणं रेग्युलेटरच्या हाती नाही हे वर आलंच. आधी स्क्रू हव्या त्याहून जास्त सैल करायचा, मग केगच्या झाकणावरच्या रिलीफ व्हॉल्व्हची कडी ओढून दाब सोडायचा, काटा इच्छित आकड्याच्या खाली आला की स्क्रू पुन्हा हळू घट्ट करत वर यायचं. नेहमी खालून वर. वरून खाली येऊन थांबलेल्या काट्यावर माझा भरवसा नाही.

काट्यांबद्दल एकूणच थोडा संशय असू द्यावा. शून्य ते ६० च्या तबकडीत तीन टक्क्यांची चूक म्हणजे जवळपास २ पीएसआय. २२ वर ती चालून जाते, ६ वर तीच चूक बिअर बदलते. ज्यांना शंका असेल त्यांनी गॅसच्या डिस्कनेक्टवर (नळी केगला जोडणाऱ्या जोडावर) एक सुटं गेज बसवून घ्यावं. ते केगच्या गॅस पोस्टवर (गॅस आत घेणाऱ्या तोंडावर) टेकवलं की आतला दाब थेट कळतो. तीन रेग्युलेटरांचे तीन काटे तीन तऱ्हेनं खोटं बोलत असले तरी एकाच गेजनं तिन्ही केग मोजले की निदान आपसांतली तुलना खरी ठरते. आणि शेवटी जीभ आहेच.

एकमेकांत मिसळण्याची भीतीही खरी आहे. साध्या मॅनिफोल्डवर २२ वर मुरलेला केग आणि ६ चा केग एकाच वेळी उघडे राहिले तर गॅस मोठ्याकडून छोट्याकडे जातो, प्रसंगी बिअरचे शिंतोडेही सोबत जातात आणि रेग्युलेटरच्या पोटात सुकून बसतात. मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडाला चेक व्हॉल्व्ह असावा तो याचसाठी: गॅस पुढं जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. पण चेक व्हॉल्व्ह म्हणजे रेग्युलेटर नव्हे. तो उलटा प्रवाह थांबवतो, दाब ठरवत नाही.

दुसरा रेग्युलेटर नसेल तर

एकाच रेग्युलेटरवर भागवण्याच्या काही युक्त्या आहेत. त्यातली माझी आवडती तापमानाची. ११-१२ पीएसआय ४ अंशांवर अडीच व्हॉल्यूम देतात, आणि तेच ११-१२ पीएसआय १० अंशांवर दोन व्हॉल्यूम. म्हणजे पेल एल फ्रिजमध्ये थंड ठेवली आणि बिटर थोड्या उबदार जागी १० अंशांवर, तर एकाच काट्यावर दोन्हींना ज्याचं त्याला मिळतं. शिवाय बिटर पिण्याचं तापमानही तेच आहे. दोन वेगळ्या थंड जागा मात्र लागतात.

दुसरी युक्ती आळीपाळीची. गव्हाची बिअर आधी एकटी २२ वर दहा-बारा दिवस मुरवायची, मग तिचा कॉक बंद करून रेग्युलेटर बाकीच्यांसाठी उतरवायचा. तिच्या पोटातला दाब तिला काही काळ पुरतो. किती काळ, हे केग किती रिकामा आहे त्यावर. भरलेल्या केगमध्ये वर लिटरभरच मोकळी जागा असते. अर्धा लिटर बिअर काढली की ती जागा दीडपट होते आणि २२ चा दाब १० च्या आसपास येतो. केग अर्धा रिकामा असेल तर तोच अर्धा लिटर काढल्यावर दाब फक्त २० वर येतो. गंमत म्हणजे रिकामा होत आलेला केग या युक्तीला जास्त चांगली साथ देतो. भरलेल्या केगला मात्र दर एक-दोन पेल्यांनंतर गॅसचा घोट पाजावा लागतो. आठवडाभर हौस टिकते, मग कंटाळा येतो.

तिसरी म्हणजे गॅस विकत न घेता बिअरचाच वापरणं. यीस्ट साखर खाताना कार्बन डायऑक्साइड सोडतंच. आंबवण संपत आलं की केगवर स्पंडिंग व्हॉल्व्ह लावायचा, तो ठरावीक दाबाच्या वरचा गॅस तेवढा बाहेर सोडतो. २० अंशांवर २७-२८ ला लावला तर अडीच व्हॉल्यूम आतच तयार होतात. प्रत्येक केगला आपला स्वतंत्र आकडा मिळतो, रेग्युलेटरला हात न लावता. पेल्यात वाढायला मात्र बाहेरचा गॅस लागणारच.

घाई असलेल्यांसाठी ३० पीएसआयवर एक दिवस ठेवून मग खाली उतरवण्याची रीत आहे. चालते. मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा जास्त फसफसलेली बिअर उतरवण्यात दोन दिवस गेले: गॅस काढा, केग हलवा, कडी ओढा, तासाभरानं पुन्हा. आता मी दोन आठवडे वाट बघतो.

नायट्रो स्टाउटचं (नायट्रोजनच्या मिश्रणावर वाढायची काळी बिअर) प्रकरण वेगळं आहे. तिथं ३० ते ३५ पीएसआय लावतात, आणि तरी बिअर जवळजवळ बिनफसफसीची राहते. कारण त्या सिलिंडरमध्ये बहुधा तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. बिअरला फक्त आपल्या वाट्याचा दाब जाणवतो. ३० चा आकडा म्हणजे हवेचा दाब धरून जवळपास ४५. त्याचा चौथा हिस्सा ११. एवढ्यात एक व्हॉल्यूमच्या किंचित वर गॅस मुरतो, बस. नायट्रोजन तर फारसा विरघळतच नाही, तो ढकलायला आणि नळातल्या बारीक भोकांच्या चकतीतून साय काढायला. या मिश्रणाचा सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही वेगळे लागतात, म्हणून ते कार्बन डायऑक्साइडच्या पट्टीला जोडायच्या फंदात पडू नये.

गळती, आणि गॅसचा हिशेब

दुय्यम रेग्युलेटर आले की सांधे वाढतात, आणि गळतीला प्रत्येक सांधा ही नवी संधी. साबणाचं पाणी फवारून प्रत्येक सांधा बघायचा, केगच्या पोस्टही. मग सिलिंडरचा कॉक बंद करून रात्रभर काटे तसेच सोडायचे. बिअर आधीच मुरलेली असेल आणि तरी सकाळी काटा पडला असेल, तर कुठंतरी गळतंय. बिअर नवीन असेल तर ही परीक्षा करू नका, ती स्वतःच गॅस पिते आणि तुम्ही निष्कारण सांधे उघडत बसता.

किती गॅस लागतो याचा अंदाज असावा म्हणजे गळती ओळखता येते. १९ लिटरचा केग अडीच व्हॉल्यूमला मुरवायला, आंबवताना उरलेला गॅस वजा करून, साधारण ६० ग्रॅम. तोच केग १२ पीएसआयवर रिकामा करायला आणखी ६५-७० ग्रॅम. केग भरण्याआधी आतली हवा काढायला थोडा. म्हणजे केगमागे १५० ग्रॅम धरा. सव्वादोन किलोचा सिलिंडर त्या हिशेबानं पंधराएक केग चालायला हवा. तो चार केगमध्ये संपत असेल तर साबणाचं पाणी काढा, आणि सिलिंडर बंद खोलीत असेल तर आधी खिडकी उघडा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि लहान बंद जागेत मोठी गळती झाली तर माणूस गुदमरू शकतो.

माझ्या फ्रिजच्या दाराला आता एक कागद चिकटवलेला आहे. केगचं नाव, तापमान, आकडा, नळीची लांबी, लावल्याची तारीख. सध्याच्या ओळी अशा: बिटर, ४ अंश, ६, दीड मीटर. पेल एल, ४ अंश, १२, तीन मीटर. गहू, ४ अंश, २२, सहा मीटर. गव्हाच्या ओळीपुढं माझ्याच अक्षरात, कुठल्यातरी फेसाळ संध्याकाळी लिहिलेलं आहे: स्क्रूला हात लावू नकोस, आधी नळी बघ.